सवाष्णीची घागर

निलगिरीची ओली पानं चुलीत घातली की जो धूर निघतो, त्याला औषधाचा, थंडीचा आणि थोडासा परकेपणाचा वास असतो. आफ्रिकेतल्या त्या उंच पठारावरच्या गावात माझी रोजची सकाळ त्या धुरातूनच उगवायची. डोंगरांनी धुक्याचं पांघरूण अजून अंगावरून काढलेलं नसे, शाळेच्या पत्र्यावरून दंव ठिबकत असे, आणि मी वर्गात शिरले की सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणत, तेव्हा त्यांच्या तोंडून वाफ निघे. त्या वाफेत माझं इंग्रजी तरंगत राही. माझं म्हणजे जळगावच्या मुलींच्या शाळेत घासूनपुसून घेतलेलं, तरी प्रत्येक वाक्याच्या शेपटाला खानदेशी हेल असलेलं. आजही इथिओपियातल्या एखाद्या कचेरीत कुणी पोक्त साहेब "व्हेरी गुड" म्हणताना शेवटच्या शब्दावर उगाच रेंगाळत असेल, तर तो माझा विद्यार्थी आहे असं खुशाल समजावं.

तिकडच्या सरकारला शिक्षक हवे होते, दिल्लीला मुलाखती होत्या, आणि मला जग पाहायचं होतं. ऐंशीचं दशक सरत आलेलं. घरात सिंचन खात्यात नोकरी करणारे 'हे', सहा वर्षांची शुभा, आणि पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेल्या, उभ्या आयुष्यात आपली अहिराणी तसूभरही न बदललेल्या माझ्या सासूबाई. त्यांना सगळी आळी जिजी म्हणे. मी निघाले तेव्हा शेजारच्या नानांनी ओट्यावरून विचारलं होतं, "काय मास्तरीणबाई, आपल्या पोरी नापास करून झाल्या, आता तिकडच्या राहिल्या का?" त्या वेळच्या मला विनोद कळत नसे. ती तेव्हाची बाई नाक वर करून, गॉगल लावून रिक्षात बसली. संध्याकाळ झाली होती, हे वेगळं.

त्या देशात मी पुष्कळ गोष्टी शिकवल्या आणि त्याहून अधिक शिकले. जमिनीवर हिरवं गवत पसरून, समोर कॉफीच्या बिया भाजत, सावकाश तीन वेळा कॉफी पाजणारी माणसं होती ती. घाई हा शब्द त्यांच्या अंगणात पाऊल ठेवत नसे. पण मला तिथलं खरं नागरिकत्व मिळालं ते एका मरणाच्या दारात. माझ्या वर्गातल्या अल्माझ नावाच्या मुलीचा बाप गेला, रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून सारी वस्ती बसली, बायका छाती पिटून, गेलेल्याचे गुण गात हेल काढून रडू लागल्या. मी शिष्टाचार म्हणून गेलेली, हातात घडी घातलेला रुमाल. तो हेल कानावर पडला आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या पोटातून थेट खानदेश वर आला. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी मी "अरे मना भाऊ रे" करत असा गळा काढला, की तंबूतल्या बायका आपलं रडणं थांबवून आदरानं माझ्याकडे पाहू लागल्या. त्या दिवसापासून बाजारात मला मिरची निवडून मिळू लागली. अभिमान बाळगावा अशी ती गोष्ट नव्हे, पण त्या मूर्ख बाईला त्याचाही अभिमान होता. आपण कुठंही, कुणासाठीही रडू शकतो, असं तिला वाटे.

मग तिसऱ्या वर्षी तिथलं राज्य डळमळू लागलं. आधी टपाल अडलं, मग तारा, मग दक्षिणेकडचा रस्ता. रात्री डोंगरापलीकडे विजा चमकल्यासारखं होई आणि पावसाचा पत्ता नसे. शाळा बंद झाली. आम्हा परदेशी शिक्षकांना मालट्रकमध्ये घालून सरहद्दीपार नेलं आणि तिथल्या एका छावणीत आम्ही कित्येक आठवडे पडून होतो. ऊन, माश्या आणि डब्यातलं मांस, जे मी न खाता शेजारणीला देत होते. तिथंच एक अधिकारी आला. पावसाळा सरला की शेजारच्या देशात शाळा सुरू होतील, अनुभवी माणसं हवी आहेत, येणार का, म्हणाला. मी तिथल्या तिथं हो म्हणाले. घरी विचारते, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मुंबईपर्यंतच्या विमानात आणि पुढं जळगावपर्यंतच्या गाडीत मी एकच काम करत होते: घरच्यांसमोर करायच्या भाषणाची उजळणी. मुद्दे होते, उपमुद्दे होते, शुभाच्या भविष्याचा एक करुण परिच्छेदही होता. जिजी आडव्या येणार, हे मी धरूनच चालले होते, आणि त्यांना निरुत्तर करण्याच्या कल्पनेनं मला गाडीत गोड झोप लागली.

मुंबईहून तार करता आली असती. पण तार कसली करायची! अचानक दारात उभं राहावं, सगळ्यांनी किंचाळावं, मग हसावं, मग रडावं, असा सोहळा तिनं मनात रचलेला. धक्का देण्याची भारी हौस होती बाईला.

तो आखाजीचा दिवस होता. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तिच्याएवढा मोठा सण आम्हाला दुसरा नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची नवी लाल घागर भरून पुजली जाते. वैशाखातल्या उन्हात पितरांना तहान लागते, एवढी साधी, एवढी ओलसर श्रद्धा. स्टेशनवरून रिक्षा निघाली तेव्हा जळगाव भट्टीतल्या विटेसारखं तापलेलं होतं, डाळीच्या गिरण्यांकडून भरड्याचा कोरडा वास येत होता, आणि आमच्या आळीत शिरताच तो वास आमरसानं, तुपानं आणि चिरलेल्या खरबुजानं पुसून टाकला. दार उघडंच होतं. मागच्या अंगणातून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती, स्वयंपाकघरात खापरावर मांडे भाजले जात असावेत. उंच टाचांच्या चपला न काढता, टाच वाजू नये म्हणून चवड्यावर, एखाद्या करकोच्यासारखी मी माजघरात शिरले.

देव्हाऱ्याशेजारी घागरी मांडलेल्या होत्या. पहिली मामंजींची, दुसरी त्यांच्या आईची. दोन्ही माझ्या ओळखीच्या. आणि त्यांच्या शेजारी तिसरी.

तिसरी घागर थोडी लहान होती. तोंडावर खरबूज, दोन आंबे, सांजोरी, हे सगळं रीतीप्रमाणे. पण तिच्या गळ्याला हळदकुंकवाची बोटं होती, पुढं हिरवा खण आणि हिरवा चुडा ठेवलेला होता. अहेवपणी गेलेल्या बाईची घागर. सवाष्णीची. रांगेत नव्यानं आलेली, म्हणजे मरणही नवं. या घरात जिजी तर केव्हाच्या विधवा. सवाष्ण म्हणावी अशी एकच उरली, माझी नणंद सुशी. धुळ्याला दिलेली, दर आखाजीला माहेरी येणारी, माझ्याशी दर आखाजीला भांडणारी, माझी निळी साडी नेऊन परत न देणारी सुशी. सुशी गेली! मी तिकडे माश्या मारत पडले आणि इकडे सुशी गेली, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही! हातातली पर्स पडली. मी त्या घागरीपुढं बसकण मारली आणि अल्माझच्या बापासाठी लावला होता त्याहून वरच्या पट्टीत सूर लावला. निळी साडी मी तिला त्याच सुरात देऊन टाकली. तिच्यासारखी गुणी नणंद साऱ्या तापीकाठी नव्हती, असंही मी म्हणाल्याचं पुढं साक्षीदारांनी सांगितलं.

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी खणकन पडलं. वर पाहिलं तर हातभर पुरण लागलेली सुशी, डोळे पांढरे करून, चौकटीला पाठ घासत खाली बसत होती.

"सुशे! तू मेली नाहीस?" मी ओरडले.

"मी कशाले मरसू वं!" तिनं पुरणाचं बोट माझ्यावर रोखलं. "मरनी ते तू!"

धक्का याला म्हणतात. मी द्यायला निघाले होते तो नव्हे. आपल्याच घरात, भर दुपारी, आपल्याच पुढ्यात आपल्या नावाचं पाणी ठेवलेलं पाहणं, आणि त्या पाण्यापुढं आपणच दुसऱ्या बाईसाठी रडलेलो असणं. कानांत झोक्याची गाणी एकदम लांब गेली. मला त्या वेळी सुचलेला पहिला विचार अगदी क्षुद्र होता, तोही सांगून टाकते: खण बरा घेतला आहे, म्हटलं, इतका चांगला खण जिजींनी मला जिवंतपणी कधी दिला नव्हता.

जिजी मागच्या दारानं आल्या. त्यांनी किंकाळी फोडली नाही. पदर खोचला, दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चप्पल काढ. पाय दखाड." मी उंच टाचांच्या चपला काढल्या, पाय पुढं केले. भुताची पावलं उलटी असतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझी सुलटी आहेत याची त्यांनी वाकून, अंगठ्याला हात लावून खात्री करून घेतली. मग एक सणसणीत चापट माझ्या गालावर बसली, आणि तिच्या मागोमाग मी त्यांच्या कृश, घामेजलेल्या, तुपाचा वास येणाऱ्या छातीशी ओढली गेले. तोवर सुशी सावरली होती. "इतलं रडनू वं मी तुनासाठे," सगळ्या रडण्याचा हिशेब मांडत ती म्हणत होती, "बठ्ठं वाया गयं!"

सगळा उलगडा झाला तो तुकड्यातुकड्यांनी. सहा महिने पत्र नाही. मग भुसावळकडचा कुणी माणूस सांगत आला की माझं ते गाव जळून गेलं. यांनी मुंबईला, दिल्लीला विचारून पाहिलं. कुणीच हो म्हणेना की नाही म्हणेना. आळी मात्र हो म्हणाली. लोक भेटायला येऊ लागले, बसू लागले, उसासे टाकू लागले. यांनी ते मानलं नाही. श्राद्ध करायचं नाव काढलं की ताटावरून उठत. पण आखाजी आली तेव्हा जिजींनी कुणाला न विचारता कुंभाराकडून तीन घागरी आणल्या, आणि मुलानं जाब विचारला तेव्हा जे उत्तर दिलं ते सुशीनं मला जसंच्या तसं ऐकवलं: "मरी गयी व्हयी ते पानी भेटी. जित्ती व्हयी ते काय बिघडी?" मेली असेल तर पाणी मिळेल, जिवंत असेल तर बिघडतंय काय. मी पुष्कळ तत्त्वज्ञान पुढं वाचलं, इंग्रजीत आणि जाड पुठ्ठ्यांतलं. पण अनिश्चिततेपुढं इतक्या थंड डोक्यानं पाणी भरून ठेवणारं कुणी मला भेटलं नाही. हे रागानं घराबाहेर पडले होते. रसासाठी बर्फ आणायचं निमित्त.

ते आले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, सदऱ्याची एक बाजू ओली. मला पाहिलं. पाणी त्यांच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत राहिलं. मग ते म्हणाले, "बर्फ वितळतोय, आत ठेवतो," आणि आत गेले. आतून बर्फ फोडण्याचा आवाज येऊ लागला. लादी केव्हाच फुटली असणार, तिचा भुगा झाला असणार, तरी तो आवाज बराच वेळ थांबला नाही. मी उठले नाही. काही दारं ठोठावायची नसतात एवढं त्या बाईलाही कळत होतं.

आळी लोटली. नाना सर्वांत पुढं. "वरचं तिकीट येण्याजाण्याचं काढलं होतं वाटतं," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पोरी झोक्यावरून उतरून दारात गोळा झाल्या. आणि त्यांच्यातून वाट काढत शुभा आली. नऊ वर्षांची, उंच झालेली, दोन घट्ट वेण्या. त्या मी घातलेल्या नव्हत्या. मी हात पसरले. तिनं माझ्याकडे एकदा नीट, फळ्यावरचं वाचावं तसं पाहिलं, मग तिची नजर खाली गेली. तिसऱ्या घागरीपुढं, चुड्याशेजारी, एक कप ठेवलेला होता, मला त्या घाईत न दिसलेला. पितरांना आवडीचं ठेवायची रीत, आणि माझी आवड घरात जगजाहीर. चहावर साय धरली होती. शुभानं कप उचलला.

"थंड झाला," ती म्हणाली. "दुसरा आणते."

मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. हे बर्फाकडे पाठ करून उभे होते. शुभा सराईतपणे आलं ठेचत होती, उकळी वर येताच ज्योत बारीक करत होती, फडक्यानं पातेलं धरून एक थेंबही न सांडता गाळत होती. मी गेले तेव्हा हिला काडी पेटवू देत नव्हते कुणी. परक्या देशात, परक्या मुलांच्या जिभेला परकी भाषा लावताना मी त्यांच्या प्रत्येक नव्या वाक्याला टाळी वाजवली होती.

"कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. माणसं भेटायला यायची ना, आत्या नि जिजी बसलेल्या असायच्या त्यांच्यापाशी. मग मीच करायचे." आणि मला कप देत, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "खूप माणसं यायची, आई."

गाल अजून जिजींच्या चापटीनं हुळहुळत होता, पण लागलं ते हे. माझ्या मरणाला आलेल्या माणसांना चहा करून करून माझी मुलगी चहा करायला शिकली होती. आणि तो उत्तम झाला होता. तो वाईट झाला असता तर मला रडता आलं असतं.

जेवताना घागरीचा प्रश्न निघाला. जिवंत माणसाच्या नावाची पुजलेली घागर. ओतून टाकली तर अपशकुन, ठेवली तर त्याहून मोठा. नानांनी शास्त्र काढलं, सुशीनं दुसरं. जिजींनी दोघांनाही गप्प केलं आणि फुलपात्र त्या घागरीत बुडवून माझ्यापुढं ठेवलं. "तुना नावनं शे. पी ले." मी प्यायले. वाळ्याचा वास होता, नव्या मातीची चव होती आणि पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. मग यांनी हात पुढं केला, मग शुभानं. हळूहळू सगळी पंगतच माझं पाणी पिऊ लागली. पुढं उन्हाळाभर ते तसंच चाललं. "वहिनीच्या घागरीतलं आण गं, गार असतं," असं सुशी कुणालाही सांगे आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

दुपार कलली. दारंखिडक्या लोटून घर काळोख्या गारव्यात पडलं होतं; झोके रिकामे झुलत होते, त्यांच्या दोरांची करकर तेवढी येत होती. मी बसल्या जागेवरून पाहत होते. माझ्या खुंटीवर शुभाचं दप्तर होतं. माझं कपाट हलवून त्या जागी शिवणयंत्र आलं होतं. यात कुठं दुष्टपणा नव्हता. पाण्यात हात घालून काढून घेतला की पाणी जसं मिळून येतं, तसं हे घर मिळून आलं होतं, आणि मी, जिच्या अडण्यावर घर अडतं अशी जिची पक्की समजूत, ती काठावर बसून ते मिळालेलं पाणी न्याहाळत होते.

जिजी फरशीवर आडव्या झाल्या होत्या, डोक्याखाली हात. शुभा त्यांच्या पोटाला टेकून आंब्याची कोय चोखत होती. ताडाच्या पंख्यानं वारा घेत, डोळे मिटलेलेच ठेवून जिजींनी विचारलं, "परत जाशी?"

माझं भाषण! मुद्दे, उपमुद्दे, करुण परिच्छेद. मी सावरून बसले, घसा साफ केला आणि त्यातलं एकही वाक्य मला सापडलं नाही. "हो म्हणून आलेय, जिजी," एवढंच बोलले. "पावसाळ्यानंतर." आणि मान खाली घालून वाट पाहू लागले, शिव्यांची, रडण्याची, तुला पोर आहे की नाही या प्रश्नाची. ते सगळं आलं असतं तर किती सोपं झालं असतं. मी भांडले असते, जिंकले असते, गॉगल लावून निघाले असते.

पंखा क्षणभर थांबला.

"जाय ना," जिजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता; शेजारणीला विरजण देताना असतो तसा आवाज. "घागर भराले मी शे."

शुभानं कोय तोंडातून काढली. "आणि चहा मी ठेवीन," ती म्हणाली.

पंखा पुन्हा हलू लागला. दोघींनी आपापलं काम वाटून घेतलं होतं, विषय संपला होता. इंग्रजी शिकवणारी, तिकडची अम्हारिक कामापुरती बोलणारी, मराठीत भाषण रचून आणलेली आणि अहिराणीत रडणारी ती बाई कुठल्याही भाषेत तोंड उघडू शकली नाही. जन्मभर मला वाटत आलं होतं की माणसाला जाऊ न देण्यातच माया असते, आणि मी सारं बळ ती माया तोडण्यासाठी गोळा करून आणलं होतं. इथं तर तोडायला काही नव्हतंच. मी जिवंत जावं की मरून, लांब जावं की कायमची, त्यांची तयारी पूर्ण होती. मला जायची परवानगी मिळाली होती, आणि त्या घटकेला मला कळेना की आता जायचं म्हणजे नक्की कुठून निघायचं.